पोर्टल उभारणारा आणि पोर्टल सांभाळणारा

एंटरप्राइज पोर्टल म्हणजे एखाद्या संस्थेच्या अनेक संगणकीय कामांकडे नेणारे एकच दार. वापरकर्ता एकदा लॉगिन करतो. तो कोण आहे यावरून त्याला काय दिसावे, काय भरता यावे आणि कशाला हात लावता येऊ नये, हे पोर्टल ठरवते. नाशिकला या दाराचे मोल चटकन कळते, कारण राज्यभर पसरलेल्या दोन विद्यापीठांची मुख्यालये इथे आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८चे, ते दिंडोरी रोडवर म्हसरूळला. दोघांचे विद्यार्थी गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत विखुरलेले. अशा संस्थेच्या विद्यार्थ्याला मुख्य इमारत क्वचितच दिसते. त्याच्यासाठी विद्यापीठ म्हणजे प्रवेशअर्ज, शुल्काची पावती, हॉल तिकीट आणि निकाल. ते पान उघडले नाही की त्याच्या लेखी विद्यापीठ बंद.

पोर्टल दिसते एक, पण ती सॉफ्टवेअरची उतरंड असते. सर्वांत पुढे एनजिनएक्स किंवा अपाचीसारखा वेब सर्व्हर. त्याच्यामागे टॉमकॅट, वाइल्डफ्लाय यांसारखा ॲप्लिकेशन सर्व्हर. पोर्टलचा मुख्य प्रोग्राम त्याच्या पोटात चालतो. त्याच्यामागे पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा ओरॅकलचा डेटाबेस. बाजूला शोधयंत्रणा, अपलोड झालेल्या फाइलींचा साठा आणि कर्मचाऱ्यांची खाती ठेवणारी एलडॅप डिरेक्टरी. मुख्य प्रोग्राम म्हणून लाइफरे, मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट, ओरॅकलचे वेबसेंटर ही नावे या धंद्यात नेहमीची. आयबीएमचे वेबस्फिअर पोर्टलही त्यांतलेच. २०१९ साली ते एचसीएलकडे गेले आणि नव्या मालकाकडे त्याचे नावही बदलले.

हे सारे बसवणारा, चालू ठेवणारा आणि पडल्यावर उठवणारा माणूस म्हणजे पोर्टलचा प्रशासक, कार्यालयाच्या भाषेत ‘ॲडमिन’. तो प्रोग्रामर नसतो आणि पानांवर मजकूर चढवणाराही नसतो. त्याला शिकवावे कसे, यावर दोन मते आहेत. पुढच्या संवादात पहिले मत मांडते कॉलेज रोडवरच्या एका वर्गातली प्रशिक्षिका, दुसरे मांडतो निवृत्तीला आलेला एक सिस्टिम ॲडमिन. दोन्ही पात्रे काल्पनिक आहेत; त्यांच्यातला वाद काल्पनिक नाही.

प्रशिक्षिका : सर, आमच्याकडे येणारा माणूस कार्यालयाने पाठवलेला असतो. सोमवारी येतो, शुक्रवारी जातो आणि पुढच्या सोमवारी साहेब विचारतात, ‘काय शिकून आलात, दाखवा.’ त्याला काहीतरी चालवून दाखवता आले पाहिजे. म्हणून पहिल्या दिवशी जावा टाकून लाइफरे सुरू करणे, दुसऱ्या दिवशी डेटाबेस जोडणे, तिसऱ्या दिवशी वापरकर्ते आणि त्यांच्या भूमिका, चौथ्या दिवशी एलडॅप आणि एकाच लॉगिनवर सगळीकडे प्रवेश, पाचव्या दिवशी बॅकअप आणि परीक्षा. प्रत्येक पायरी छापील पुस्तिकेत असते.

प्रशासक : बॅकअप पाचव्या दिवशी, म्हणजे निम्मी तुकडी घड्याळाकडे बघत बॅगा भरत असते तेव्हा. मॅडम, जे आधी यायला हवे ते तुम्ही शेवटी ठेवले आहे. आणि पहिल्या दिवशी तुम्ही जे चालवून दाखवता, त्याला मी पोर्टल बसवणे म्हणणार नाही.

प्रशासकाचा रोख कशावर आहे, ते लाइफरेच्या उदाहरणावरून कळते. लाइफरेचे तयार बंडल मिळते आणि टॉमकॅट त्यातच असतो. फाइल उलगडायची, सुरू करण्याची स्क्रिप्ट चालवायची, ब्राउझरमध्ये ८०८० या पोर्टचा पत्ता टाकायचा; थोड्याच वेळात स्वागताचे पान हजर. पण त्या क्षणी मागे जो डेटाबेस चालू असतो तो बंडलसोबत आलेला, चाचणीपुरता हायपरसोनिक. शोधासाठी इलॅस्टिकसर्च असते, तेही सोबतच सुरू झालेले. प्रशासकाचे पहिले खाते चाचणीचे, आणि त्याचा मूळ पासवर्ड उत्पादनाची कागदपत्रे वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक. या गोष्टी खऱ्या कामासाठी वापरू नयेत, असे खुद्द उत्पादकच सांगतो. शिकणाऱ्याला मात्र पान दिसलेले असते, आणि पान दिसले की काम झाले असे वाटणे स्वाभाविक आहे.

प्रशिक्षिका : पण ते पान दिसलेच नाही तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही. कार्यालयात ‘जरा संगणकाचे तुम्हीच बघा’ म्हणून ज्याच्या गळ्यात हे काम पडते, तो बरेचदा लिपिक असतो. लिनक्सचा काळा पडदा त्याने पाहिलेला नसतो. त्याला आधी प्रोसेस, थ्रेड, मेमरी शिकवत बसले तर तो म्हणेल, हे आपले काम नाही. महाराष्ट्रात २००१नंतर एमकेसीएलने एमएस-सीआयटी गावोगाव नेली, ती अशीच नेली ना? करून बघा, जमते, मग पुढे जा.

प्रशासक : एमएस-सीआयटी झालेल्या माणसाची चूक झाली तर त्याची स्वतःची फाइल जाते. ॲडमिनची चूक झाली तर सगळ्यांच्या फाइली जातात. दोन्हींना एकच पद्धत कशी चालेल? बसवताना ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, त्याच पुढे नडतात. प्रोग्राम कोणत्या खात्याखाली चालतो आहे? रूटखाली चालत असेल, तर पोर्टलला भोक पडले की अख्खा सर्व्हर गेला. घड्याळ कोणते धरले आहे? अक्षरे कोणत्या एन्कोडिंगमध्ये साठतात?

शेवटचे दोन प्रश्न मराठी पोर्टलच्या बाबतीत वरवरचे नाहीत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपूर्वी डेटाबेसची मूळ मांडणी लॅटिन-१ असे, आणि तिच्यात देवनागरीला जागाच नाही. अशा तक्त्यात कोणी ‘सुरगाणा’ लिहिले, तर सर्व्हरच्या सेटिंगनुसार कधी एरर येतो, कधी नुसती प्रश्नचिन्हे साठतात. एरर आला तर नशीब म्हणायचे. प्रश्नचिन्हे एकदा साठली की मूळ अक्षरे कुठूनही परत मिळत नाहीत. नंतर एन्कोडिंग बदलून उपयोग होत नाही. यात भर म्हणजे जुन्या कार्यालयांत श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतात. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठलेले संकेत दुसरेच असतात. रूपांतर न करता त्या पोर्टलमध्ये चढवल्या तर शोधयंत्रणेला त्यांत एकही मराठी नाव सापडत नाही. नाशिकमध्ये पोर्टलचा वर्ग घेणाऱ्याने या विषयाला अर्धा दिवस द्यायला हरकत नाही. परदेशात छापलेल्या अभ्यासक्रमात तो एका ओळीत उरकलेला असतो.

घड्याळाची गोष्ट आणखी गमतीची. लाइफरेची अट अशी की ज्या जावा यंत्रणेवर ते चालते, तिचे वेळक्षेत्र जीएमटी हवे. वापरकर्त्याला भारतीय वेळ दाखवण्याची सोय पोर्टलच्या आत वेगळी असते. नवा ॲडमिन लॉग उघडतो, त्याला सगळ्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात, आणि तो चांगल्या हेतूने जावाचे वेळक्षेत्र बदलून आशिया-कोलकाता करतो. मग ठरलेल्या वेळी प्रसिद्ध व्हायच्या सूचना आणि संपायच्या मुदती साडेपाच तासांनी सरकू शकतात.

प्रशिक्षिका : बघा सर, हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. तुमचा मूलभूत ज्ञानवाला माणूस तर्क लढवून घड्याळ ‘दुरुस्त’ करेल. माझा पुस्तिकावाला ‘वेळक्षेत्र जीएमटी, एन्कोडिंग यूटीएफ-८, बदलू नये’ ही ओळ वाचेल आणि हात लावणार नाही. काही गोष्टी तर्काने कळत नाहीत, त्या लिहूनच ठेवाव्या लागतात.

प्रशासक : मान्य. पण त्या ओळीपुढे कारणही लिहा. कारण नसलेली सूचना पहिल्या अडचणीत मोडली जाते. पुस्तिका जुन्या आवृत्तीची, समोरचा मेनू नव्या आवृत्तीचा, असे झाले की तुमचा विद्यार्थी अडतो. कारण माहीत असलेला शोधून काढतो.

या ठिकाणी दोन्ही बाजू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. पायऱ्या लिहिलेल्या हव्यात, आणि प्रत्येक पायरीशेजारी ती का आहे हेही हवे. अशी पुस्तिका जाड होते, पण आवृत्ती बदलल्यावरही कामाला येते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुस्तिकांत डाव्या हाताला चित्र आणि उजव्या हाताला ‘नेक्स्ट दाबा’ एवढेच असते. त्यांना पुस्तिका म्हणणेही जिवावर येते.

खरा मतभेद सुरू होतो तो भूमिका आणि परवानग्यांपाशी. कोणाला काय करू द्यायचे हा पोर्टलचा गाभा आहे, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याच्या मातीतलेच उदाहरण आहे: ग्रेपनेट. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतील कीडनाशकांच्या अंशावर लक्ष ठेवण्यासाठी अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेने २०००च्या दशकात हे पोर्टल उभे केले. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवला जातो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुना घेऊन अहवाल भरते, पॅकहाउस पेट्यांचा तपशील देते, मग ॲगमार्कचे आणि पीकआरोग्याचे प्रमाणपत्र निघते. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा या सगळ्यावर संदर्भ प्रयोगशाळा म्हणून लक्ष ठेवते. एकाच साखळीत इतके वेगवेगळे लोक, आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याचे खाते बदलता येता कामा नये. पॅकहाउसला प्रयोगशाळेचा आकडा बदलता आला, तर सगळी यंत्रणाच फुकट.

प्रशिक्षिका : मी वर्गात हेच घेते. फळ्यावर उभ्या रकान्यात शेतकरी, कृषी अधिकारी, प्रयोगशाळा, पॅकहाउस, प्रमाणपत्र अधिकारी. आडव्या ओळीत पाहणे, भरणे, बदलणे, मंजूर करणे, रद्द करणे. प्रत्येक चौकोनात हो किंवा नाही. मग तेच पोर्टलमध्ये भूमिका तयार करून उतरवायचे. नाशिकच्या पोरांना हे लगेच समजते, कारण निम्म्यांच्या घरी बाग असते.

प्रशासक : तक्ता सुंदर आहे. पण तुम्ही परवानगी द्यायला शिकवता, काढून घ्यायला शिकवत नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याचे लॉगिन कोण बंद करतो? निवृत्त झालेल्याचे? प्रयोगशाळेची मान्यता संपली, तर तिची भूमिका त्याच दिवशी जाते का? माझ्या मते तिसऱ्या दिवसाचा निम्मा वेळ जुनी खाती शोधण्यात जावा. आणखी एक. सगळ्यांनी मिळून एक ‘ॲडमिन’ खाते वापरायचे ही कार्यालयांची आवडती सवय आहे. काही बिघडले की लॉगमध्ये नाव दिसते ॲडमिन, आणि ॲडमिन तर पाच जण.

ग्रेपनेटबाबत आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. २०१०च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले आणि निर्यातदार-बागायतदारांना जबर फटका बसला. तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. पोर्टलला जे तपासायला सांगितले होते ते तपासले गेले. न सांगितलेले त्याला दिसण्याचे कारण नव्हते. तांत्रिक ॲडमिनने विषयाच्या जाणकारांशी बोलत राहायचे ते एवढ्यासाठी.

बदलीचा मुद्दा निघाला की वाद तंत्रज्ञानातून कार्यालयीन वास्तवात येतो. महाराष्ट्रात शासकीय बदल्यांच्या २००५च्या कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. म्हणजे शिकवलेला माणूस जेमतेम मुरतो आणि जातो. नवा येतो तेव्हा पोर्टलचे पासवर्ड बहुधा पुरवठादाराच्या अभियंत्याकडे असतात, सर्व्हर कुठे आहे हे कोणाला नक्की ठाऊक नसते, आणि वार्षिक देखभालीच्या करारात काय काय येते हे करार वाचल्याशिवाय कळत नाही. करार सापडायला हवा, हा पुन्हा वेगळा भाग.

प्रशिक्षिका : म्हणूनच सर, माणसावर भिस्त ठेवणारे प्रशिक्षण आपल्याकडे टिकत नाही. तुमच्यासारखा वीस वर्षांत घडलेला ॲडमिन हे भाग्य; त्यावर योजना आखता येत नाही. खुर्चीवर कोणीही बसले तरी काम चालले पाहिजे, ते कागदावर. सर्व्हरची यादी, पोर्ट, सेटिंगच्या फाइली, कोणाला फोन करायचा, परवाना कधी संपतो. माझा प्रत्येक विद्यार्थी जाताना स्वतःच्या कार्यालयाची अशी वही भरून नेतो.

प्रशासक : ही वही मला पटते. तुमच्या पाच दिवसांतली सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नाही.

प्रशिक्षिकेचा हा मुद्दा सरळ सरस ठरतो. अनुभवी लोक लेखी नोंदींना कमी लेखतात, कारण त्यांना स्वतःला त्यांची गरज पडत नाही. गरज पडते ती त्यांच्या जागी येणाऱ्याला.

पुढचा प्रश्न पॅचचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधले भोक बुजवणाऱ्या सुधारणेचा. इथे प्रशासकाची बाजू भक्कम आहे. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या तक्रार-पोर्टलमध्ये अपाची स्ट्रट्स ही वेब ॲप्लिकेशन बांधण्याची चौकट वापरली होती. त्यातल्या दोषावरची सुधारणा मार्च २०१७मध्ये जाहीर झाली. कंपनीत ती लावण्याच्या सूचनाही गेल्या. त्या पोर्टलपर्यंत मात्र ती पोहोचली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आतच होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या यंत्राचे डिजिटल प्रमाणपत्र महिनोन्‌महिने संपलेले होते, म्हणून ते यंत्र आंधळे झाले होते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले आणि संशयास्पद रहदारी लगेच दिसली. लाइफरेतही २०२०मध्ये असाच गंभीर दोष जाहीर झाला होता, आणि डिसेंबर २०२१मधल्या लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या घटकातील दोषाने तर जावावर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक पोर्टलच्या ॲडमिनची झोप उडवली.

प्रशिक्षिका : पॅच लावणे वर्गात दाखवता येते, पण ते काम पुरवठादाराचे असते. करारातच असते.

प्रशासक : लावणे त्याचे, विचारणे तुमचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२चे निर्देश बघा. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस सांभाळायचे, सर्व्हरची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळवायची. त्या सहा तासांत पुरवठादाराचा माणूस फोन उचलेलच असे नाही. आपल्या पोर्टलमध्ये कोणते घटक कोणत्या आवृत्तीचे आहेत, ही यादी ॲडमिनकडे नसेल, तर बातमी वाचूनही ती आपल्याबद्दल आहे हे त्याला कळणार नाही. लॉगफोरजेच्या वेळी अनेकांचा पहिला दिवस ‘आपल्याकडे हे आहे का’ एवढे शोधण्यात गेला.

प्रशिक्षिका : बरं, मग मी वेगळाच प्रश्न विचारते. हे बसवणे शिकवायचेच कशाला? जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे आता एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, एसथ्रीवास या सेवेवर असतात. जिल्ह्यातला माणूस सर्व्हर बसवतच नाही, मजकूर भरतो. सातपूरला ईएसडीएसचे डेटा सेंटर आहे, तिथे क्लाउडवर जागा मिळते. डॉकरची तयार प्रतिमा घेतली की उतरंड मिनिटांत उभी राहते. माझे पहिले दोन दिवस काही वर्षांत मोडीत निघतील, हे मलाही दिसते आहे.

प्रशासक : नाही, ते दोन दिवस ठेवा.

प्रशिक्षिका : तुम्ही म्हणता?

प्रशासक : मीच म्हणतो. बसवणे हे कौशल्य म्हणून मोडीत निघेल, शिकण्याचे साधन म्हणून नाही. ज्याने एकदा हाताने बसवले, त्याला फाइली कुठे साठतात, सेटिंग कोणत्या फाइलीत असते, डेटाबेसचा पत्ता कुठे लिहिलेला असतो, हे माहीत असते. उद्या क्लाउडवाला सांगेल, ‘दोष तुमच्या बाजूला आहे.’ ज्याने कधी बसवलेच नाही, तो मान डोलावून फोन ठेवेल. फक्त बंडल उलगडून थांबू नका. डेटाबेस वेगळ्या यंत्रावर, शोधयंत्रणा वेगळी, पुढे वेब सर्व्हर, असे सुटे सुटे बसवून घ्या. मग एकेक बंद करा आणि विचारा, आता पडद्यावर काय दिसेल?

बंद पाडून शिकवण्याची ही रीत प्रशिक्षण संस्थांना गैरसोयीची वाटते, कारण वेळापत्रक कोलमडते. तरीही तिला पर्याय दिसत नाही. डेटाबेस बंद पडल्यावर येणारा एरर, डिस्क भरल्यावर येणारा एरर आणि जावाची मेमरी संपल्यावर येणारा एरर हे वापरकर्त्याला सारखेच दिसतात: ‘सर्व्हर डाऊन’. सातबारा काढायला सेवा केंद्रात गेलेल्या प्रत्येकाने हे दोन शब्द ऐकलेले आहेत. ॲडमिनला त्या दोन शब्दांमागची वेगवेगळी कारणे लॉग वाचून ओळखता आली पाहिजेत, आणि लॉग वाचायची सवय बिघाडाशिवाय लागत नाही.

निकालाच्या दिवसाचे उदाहरण घेऊ. हजारो विद्यार्थी एकाच मिनिटाला बटण दाबतात. प्रत्येक विनंतीला डेटाबेसचे एक कनेक्शन लागते आणि कनेक्शनांची संख्या ठरलेली असते. ती संपली की पुढचे रांगेत थांबतात. थांबलेला विद्यार्थी पान पुन्हा ताजे करतो आणि रांग दुप्पट होते. अशा वेळी ॲप्लिकेशन सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा असू शकतो, पोर्टल मात्र गोठलेले. नवशिका कनेक्शनांची मर्यादा वाढवतो आणि ओझे थेट डेटाबेसवर टाकतो. मग तोही बसतो. जाणता आधी थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या कामांची नोंद, घेऊन सगळे कशासाठी थांबले आहेत ते बघतो, आणि पुढच्या वेळी निकालाची पाने आधीच तयार करून पुढच्या वेब सर्व्हरवरून देतो, म्हणजे डेटाबेसला त्रासच नाही. हा पाठ स्लाइडवर पाच मिनिटांचा आहे. प्रयोगशाळेत कृत्रिम गर्दी सोडून दाखवला तर दुपार जाते, पण आयुष्यभर पुरतो.

नाशिकसमोर याहून मोठी गर्दी आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे, आणि त्या काळात शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक पोर्टलवर नेहमीच्या कितीतरी पट लोक येतील. त्याच सुमारास एक कमी चर्चेतला बदलही लागू झालेला असेल. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची कमाल मुदत पूर्वी ३९८ दिवस होती. ठरलेल्या कार्यक्रमानुसार ती १५ मार्च २०२६पासून २०० दिवसांवर, १५ मार्च २०२७पासून १०० दिवसांवर आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवसांवर येते. एप्रिल २०२७च्या अखेरीस घेतलेले शंभर दिवसांचे प्रमाणपत्र नेमके पहिल्या अमृतस्नानाच्या आसपास संपेल. वर्षातून एकदा आठवणीने प्रमाणपत्र बदलणाऱ्या कार्यालयांनी हे काम आतापासून आपोआप होईल असे लावून घ्यावे. प्रशिक्षणात तो एक तासाचा पाठ आहे.

प्रशिक्षिका : चला, हे सगळे घेतले. आता परीक्षा कशाची? सध्या पन्नास बहुपर्यायी प्रश्न असतात. तपासायला सोपे, निकाल लगेच.

प्रशासक : एकच प्रश्न ठेवा. कोरा सर्व्हर द्या, कालचा बॅकअप द्या, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोर्टल उभे करून दाखवा. वही आणि पुस्तिका जवळ ठेवायला हरकत नाही.

हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. पोर्टलचा बॅकअप म्हणजे डेटाबेसची प्रत एवढेच नाही. अपलोड झालेल्या फाइली वेगळ्या साठतात, आणि डेटाबेसची प्रत रात्री १२ची व फाइलींची पहाटे ४ची असेल, तर डेटाबेसच्या नोंदी आणि प्रत्यक्ष फाइली यांचा मेळ बसत नाही. सेटिंगच्या फाइली आणि परवाना लागतो. शोधाची अनुक्रमणिका मात्र परत आणावी लागत नाही. ती पोर्टल नव्याने बांधू शकते, त्याला वेळ लागतो इतकेच. सर्वांत फसवी बाब ईमेलची. परत उभी केलेली प्रत स्वतःला खरे पोर्टलच समजते आणि ठरलेल्या वेळी विद्यार्थ्यांना मेल, एसएमएस पाठवू लागते. म्हणून सुरू करण्यापूर्वी मेल आणि एसएमएसच्या सर्व्हरशी असलेली जोडणी तोडायची. ज्याने हे कधी केले नाही, त्याला ते पुस्तिकेत वाचूनही ऐन वेळी आठवत नाही.

प्रशिक्षिका : माझी निम्मी तुकडी नापास होईल.

प्रशासक : पहिल्यांदा सगळेच होतात. म्हणून तर बॅकअप दुसऱ्या दिवशी घ्या म्हणतो, म्हणजे शुक्रवारपर्यंत तीनदा सराव होईल.

प्रशिक्षिका : दुसऱ्या दिवशी घेते. पण पुस्तिका माझीच राहील.

प्रशासक : पुस्तिका तुमचीच. शेजारी कारणांचा रकाना तेवढा घाला.

पाच दिवसांत हे सारे बसते. स्लाइड कमी कराव्या लागतात आणि एलडॅपचा दिवस अर्ध्यावर आणावा लागतो. उरते ते माणसे पाठवणाऱ्या कार्यालयांकडे. त्यांनी एकाला पाठवू नये, दोघांना पाठवावे, आणि त्यांतला एक तरी नजीकच्या काळात बदलीस पात्र नसलेला असावा. परतल्यावर त्या दोघांना दर तीन महिन्यांनी एक दिवस आणि एक रिकामा सर्व्हर द्यावा, आणि त्या दिवशी बॅकअपमधून पोर्टल उभे राहिले की नाही, याची नोंद कार्यालय प्रमुखांनी स्वतः सही करून ठेवावी.